आरडीएफचं नंतर बघा, आधी जालावरचा पत्ता कुणाच्या जागेवर आहे ते सांगा

‘ग्रंथालयाच्या नोंदी लिंक्ड डेटा म्हणून ठेवायच्या तर आरडीएफ आणि स्पार्कल सक्तीचं आहे का?’ ही तुमची पोस्ट वाचली आणि सात वर्षांपूर्वीचा मीच समोर दिसलो. ग्रंथालयातल्या जुन्या मराठी मासिकांची चार हजार नोंदींची एक्सेल, ती ‘लिंक्ड डेटा’ म्हणून, म्हणजे प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता देऊन आणि इतरांच्या नोंदींशी जोडून, जालावर ठेवायची हौस, आणि कुणीतरी घातलेली भीती की आरडीएफ (माहिती मांडायची पद्धत), स्पार्कल (त्या माहितीला प्रश्न विचारायची भाषा), ऑन्टॉलॉजी (संज्ञा आणि त्यांच्या नात्यांचा आराखडा) असं सगळं साग्रसंगीत नसेल तर त्याला लिंक्ड डेटा म्हणताच येत नाही.

खुलासा आधीच करतो. मी ग्रंथपालही नाही आणि संगणकवालाही नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि या फंदात पडलो. चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा.

सक्ती कुणाचीच नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये लिंक्ड डेटाचे जे चार नियम लिहिले त्यांत तिसरा एवढाच होता की कुणी पत्ता उघडला तर त्याला उपयोगाची माहिती मिळावी. आरडीएफ आणि स्पार्कल ही नावं त्या ओळीत मागाहून आली, आणि लोक त्यावरून अजून भांडतात. माझं मत विचाराल तर आरडीएफची मांडणी हवी, म्हणजे ‘कशाबद्दल, कुठला गुणधर्म, काय किंमत’ अशा तीन पदांची विधानं. नाहीतर तुमचा ‘लेखक’ रकाना आणि माझा ‘कर्ता’ रकाना एकच हे यंत्राला कसं कळणार? पण आरडीएफ म्हणजे फाइलचा एखादा ठरावीक प्रकार नव्हे. जेसन-एलडी २०१४ पासून मान्यताप्राप्त आहे, आणि ते म्हणजे साधं जेसनच (प्रोग्रामर मंडळींची माहिती लिहायची नेहमीची पद्धत), फक्त वर कुठल्या नावाचा अर्थ काय ते सांगणारा संदर्भाचा एक तुकडा लावलेला. चार हजार नोंदींना स्पार्कल तर मुळीच नको. सगळा डेटा एका फाइलीत उतरवून घेता आला की पुरे. आत्ता नुसती सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, ठेवलीत तरी बर्नर्स-लींच्याच खुल्या डेटाच्या पाच ताऱ्यांच्या मोजपट्टीवर तीन तारे मिळतात. फक्त डेटा कुणालाही वापरू देणारा खुला परवाना सोबत हवा.

आता माझं कुठे चुकलं ते सांगतो.

आम्हाला थोडं अनुदान एका कार्यालयाकडून मिळालं. नाव घेत नाही. त्यांची अट होती की ‘आंतरराष्ट्रीय मानकांनुसार’ स्पार्कलची खिडकी, म्हणजे बाहेरच्यांना प्रश्न विचारायची सोय, उघडलीच पाहिजे. आठ महिने त्यात गेले. नंतर सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली तर प्रश्न विचारणारे दोघेच, एक मी आणि दुसरा कुठलासा शोधयंत्राचा बॉट. तेही सोसलं असतं. पण ‘आमच्याच संकेतस्थळावर ठेवा, कायमस्वरूपी राहील’ असं ते म्हणाले आणि मी भाबडेपणाने सगळ्या नोंदींचे पत्ते त्यांच्या डोमेनखाली बांधले. वर पत्त्यात त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव, ‘पीएचपी’चं शेपूट आणि कपाटाचा क्रमांकसुद्धा!

दोन वर्षांनी त्यांचा ठेकेदार बदलला. एके सकाळी मासिकाच्या अंकाचा पत्ता उघडला तर कार्यालयाचं मुखपृष्ठ आलं, वर सरकती पट्टी आणि उद्घाटनाचा फोटो. दुसरा उघडला, तेच. ‘पान सापडलं नाही’ असं तरी यावं ना? नाही. सर्व्हर प्रत्येक वेळी ‘२००, सगळं ठीक’ असंच सांगत होता, त्यामुळे दुवे तपासणारी माझी स्क्रिप्ट महिनाभर हिरवीगार. ज्यांनी आमच्या पत्त्यांकडे दुवे दिले होते त्यांच्याकडे आता मासिकाच्या जागी फीत कापणारे साहेब. पत्र दिलं. उत्तर आलं, ‘संकेतस्थळ सुरू असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ तो कागद अजून जपून ठेवलाय.

चांगले पत्ते बदलत नसतात हे बर्नर्स-ली १९९८ पासूनच सांगत होते. मला ते कपाटं हलवल्यावर कळलं.

तेव्हा स्वतःचं डोमेन घ्या, किंवा डब्ल्यू-थ्री-आयडीसारख्या फुकट सेवेतून पुढे वळणारे पत्ते घ्या. सर्व्हर बदलला की तिथली एक ओळ बदलायची, बाहेरचे दुवे शाबूत. पत्त्यात अर्थ कोंबू नका, नुसता क्रमांक द्या. उस्मानाबादचं धाराशिव झालं, नगरचं अहिल्यानगर झालं. पत्त्यात गावाचं नाव असतं तर काय केलं असतं? देवनागरी पत्त्यांचा मोहही आवरा. व्हॉट्सअॅपवर चिकटवलं की एका ‘ग’ची टक्क्यांच्या खुणांसकट नऊ चिन्हं होतात. आणि ‘दऱ्या’तला अर्धा र दोन कळफलकांवर दोन तऱ्हांनी उमटू शकतो. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. मुखपृष्ठावर शके १८०३ असेल तर वर्षाच्या रकान्यात ‘१८०३’ टाकू नका, यंत्र तो इसवी सन समजेल आणि अंक ७८ वर्षांनी म्हातारा होईल. आणि मजकुराला मराठीचा भाषासंकेत हाताने लावा. आमच्या एका साधनाने देवनागरी दिसली की सरसकट ‘हिंदी’ ठोकून दिलं होतं.

हे सगळं वाचून सोडून देऊ नका मात्र. आमच्याकडे ‘गोविंदाग्रज’ आणि ‘राम गणेश गडकरी’ अशी दोन कार्डं दोन वेगळ्या खणांत होती. दोन्ही विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड असलेल्या खुल्या माहितीसाठ्यातल्या एकाच व्यक्तीला जोडली आणि कविता, नाटकं, लेख पहिल्यांदा एका पानावर आले. आमच्या ग्रंथपालबाई चष्मा काढून बघत बसल्या होत्या.

तुमच्या ग्रंथालयाचं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि नूतनीकरणाचा ईमेल कुणाला जातो, ते आज विचारून इथे लिहा. आमच्याकडे तो माजी कार्यवाहांच्या भाच्याला जात होता.