अरबी नावं: आधी तीन अक्षरं पकड

अरबी नावांचे अर्थ शोधायची सुरुवात ‘अहमद’नं केलीस, झकास! आता त्यातला ह-म-द शोध. हामिद म्हणजे स्तुती करणारा, महमूद म्हणजे ज्याची स्तुती झाली तो. मुहम्मदही त्याच घरातला. धातू, म्हणजे मूळ तीन अक्षरं, एक; त्यांना ओतायचे साचे वेगळे. एवढं कळलं की निम्मी नावं आपोआप उलगडतात.

नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या:

- ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडणं. अमीर म्हणजे सरदार. आमिर म्हणजे गजबजलेला, भरभराटीचा.
- नुसत्या ‘अब्दुल’चा अर्थ शोधणं. ते ‘-चा सेवक’ एवढंच, पुढचा शब्द हवाच. मीही यात फसलोय!

अहमदचा ‘ह’ आपला नव्हे. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतोस ना, तसा, पण घसा जरा आवळून. घशातूनच निघणाऱ्या ‘ऐन’ या अरबी अक्षराच्या वाटेला सध्या जाऊ नकोस.