पहिल्या भाषणाआधी

अख्खं भाषण पाठ करू नको रे बाबू. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच तोंडपाठ ठेव. मधले मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, ठळक अक्षरात. माझा एक शब्द अडला आणि पुढचं सगळंच गेलं होतं; धरमपेठेतल्या त्या हॉलमधली पंख्याची घरघर अजून कानात आहे.

टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे भाषणाचा सराव करायच्या क्लबात, पहिलं भाषण 4 ते 6 मिनिटांचं असतं, म्हणजे 500-600 शब्द पुरे. सकाळी अंबाझरी तलावावर फिरताना मोठ्यानं बोल, मोबाइलवर रेकॉर्ड कर. ‘म्हणजे’ किती वेळा येतं ते मोज. त्याच्या जागी चूप राहायला शिक. ती शांतता तुलाच लांब वाटते, ऐकणाऱ्याला नाही. आणि आपली वऱ्हाडी ढब अजिबात लपवू नको, तीच गोड लागते.