निवृत्तांची भटकंती : लाटेपाशी थांबावं का?

प्रश्न : वय ६१, नुकताच निवृत्त झालोय. सौ.ला घेऊन गाडीने मंगळूरला निघतोय, घाई कसलीच नाही. वाटेत मुल्कीला सर्फिंग बघायला थांबावं का? गुडघे कुरकुरतात.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थांबाच, आणि दोन रात्री. आम्ही कोल्हापूर, हुबळी करत अंकोल्याला किनारा गाठला. पुढे ६६ क्रमांकाचा महामार्ग थेट मुल्कीला नेतो. जवळच ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी समुद्राला मिळतात. २०१६ साली तिथे सर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. मुखाशी साचलेल्या वाळूवर लाट फुटते, म्हणून पोरं पहाटेच फळ्या घेऊन हजर. पाण्याची ओढही तिथेच जबर. पोहायला अजिबात उतरू नका. शिकायचंच असेल तर पावसाळा टाळा, शिक्षक सोबत घ्या.

मी पासष्टीत फळीवर पालथं पडूनच लाट घेतली. उभं राहायचा हट्ट धरला नाही. (हिची ‘पुरे आता!’ ही हाक मात्र साऱ्या किनाऱ्याने ऐकली.) तुमच्या गुडघ्यांना तेवढंच झेपेल. घडीच्या खुर्च्या आणि चहाचा थर्मास पुण्याहूनच न्या. नीर डोसा तिथे मिळेल.