वाचकांचे प्रश्न : भयकादंबरीतली भीती येते कुठून?

प्रश्न : बऱ्याच नव्या भयकादंबऱ्यांची पहिली पन्नास पानं झकास वाटतात. पुढे घटना वाढत जातात आणि भीती मात्र ओसरते. असं का होतं?

घटना वाढवल्या की भीती आपोआप वाढेल, असं लेखक धरून चालतो म्हणून. भीती खरी वाढते ती आधी पाहिलेल्या एखाद्या साध्या गोष्टीचा अर्थ बदलतो तेव्हा.

समजा, घरात एका दाराची चौकट आहे. मुलाची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीची रेघ ओढून तिथे नोंदवलेली आहे. शेवटची रेघ सातव्या वाढदिवसाची. त्यानंतर मुलगा गेला. हे पाचव्या पानावर, आई चौकटीवरून फडकं फिरवत असताना, दोन वाक्यांत येऊन जातं. ऐंशीव्या पानावर आई पुन्हा फडकं फिरवते. शेवटच्या रेघेच्या तीन बोटं वर आणखी एक रेघ आहे.

इथे किंकाळी नाही, वीज कडाडत नाही. त्या वयाचं मूल वर्षभरात साधारण तीन बोटंच वाढतं. हा हिशेब लेखकाने सांगायचा नसतो, तो वाचकाला करू द्यायचा असतो. सगळी भीती त्या हिशेबातच आहे. यापुढे ‘तिच्या अंगावर सरसरून काटा आला’ हे वाक्य आलं की काम बिघडलं. जो काटा वाचकाच्या अंगावर यायचा, तो पात्राच्या अंगावर येऊन गेला.

आता पुढची पायरी. कच्चा लेखक दुसऱ्या दिवशी दहा रेघा काढतो, तिसऱ्या दिवशी रक्ताच्या. जाणता लेखक थांबतो आणि दीडशेव्या पानावर एकच रेघ दाखवतो, खूप खाली, धाकट्या मुलीच्या उंचीला. तिची उंची तर या घरात कुणी कधी मोजलेलीच नाही. पुन्हा एक रेघच, पण धोका गेलेल्या मुलाकडून जिवंत मुलीकडे सरकला.

या दोन रेघांच्या मधली सत्तर पानं साध्या दिवसांची असावी लागतात: शाळेची घाई, नवराबायकोची अर्धवट राहिलेली भांडणं, न उचललेला फोन. संपादनाची कात्री बहुतेक वेळा याच पानांवर चालते आणि पुस्तक तिथेच मरतं. दर चार पानांनी दचकवलं तर मन दचकण्याला सरावतं, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. एका बैठकीत वाचून न होणारी कलाकृती परिणामाचा एकसंधपणा गमावते, असं अमेरिकी भयकथाकार एडगर ॲलन पोने १८४६ मधल्या एका निबंधात म्हटलं होतं. कादंबरी तर वाचक चार-पाच वेळा खाली ठेवणारच. कामाला जाईल, जेवेल, झोपेल. तेवढ्या वेळात भुताची भीती विरून जाते. टिकते ती कुणाची तरी काळजी. त्या धाकट्या मुलीला तुम्ही ओळखत असाल तरच तुम्ही दुसऱ्या रात्री पुस्तक उघडाल.

प्रश्न : आजच्या पात्रांच्या हातात मोबाइल असतो. मदत मागवता येत असताना ती अडकून कशी राहतात? ‘रेंज नव्हती’ हे वाचून कंटाळा आला.

कंटाळा रास्त आहे. रेंज नसणं पहिल्याच प्रकरणात, गरज नसताना दाखवलं असेल तर चालतं. ऐन वेळी गेलेली रेंज ही लेखकाची सोय असते. त्यापेक्षा फोन नीट चालू ठेवून त्यातूनच भीती काढणारी पुस्तकं चांगली. समोर झोपलेल्या माणसाच्या आवाजात आलेला फोन हा न लागणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी वाईट. भयकादंबरीला नव्या यंत्रांचं वावडं कधीच नव्हतं. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’तली माणसं तारा पाठवतात, फोनोग्राफवर, म्हणजे आवाज नोंदवणाऱ्या यंत्रावर, रोजनिशी नोंदवतात, ती टाइपरायटरवर उतरवून काढतात, त्या काळी हे सगळं आधुनिकच होतं.

खरा प्रश्न फोनचा नाहीच. ही माणसं निघून का जात नाहीत? घरात बुडालेली आयुष्यभराची बचत, अंथरुणाला खिळलेले वडील, मुलाच्या ताब्यावरून कोर्टात चाललेला वाद: असं काहीतरी पहिलं सावट पडण्याआधीच पक्कं झालेलं हवं. नंतर चिकटवलेलं कारण वाचकाला लगेच कळतं.

प्रश्न : रक्तपात जास्त असलेली कादंबरी कमअस्सल समजावी का?

नाही. इंग्रज भयकादंबरीकार ॲन रॅडक्लिफच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापल्या गेलेल्या तिच्या लेखात दहशत आणि किळस यांच्यातला भेद आहे: पहिली मन जागं करते, दुसरी गोठवते. भेद उपयोगाचा आहे, पण किळसही नेमकी लिहिता येते. पारख एवढीच करा: चाळिसाव्या पानावर मोडलेलं बोट साठाव्या पानावर शर्टाची गुंडी लावताना दुखतंय का? दुखत नसेल, तर ते रक्त नुसता रंग होतं.

प्रश्न : शेवटी सगळं उलगडलं तर मजा जाते, नाही उलगडलं तर फसवल्यासारखं वाटतं. मग चांगला शेवट कुठला?

नियम आणि कुळकथा वेगळ्या करून पाहा. ते जे काही आहे, ते कधी येतं, कशाने अडतं, त्याला काय हवं, हे नियम. ते शेवटापर्यंत वाचकाला कळलेले असावेत आणि लेखकाने ते मोडू नयेत. ते कुठून आलं, ही कुळकथा. ती अर्धी अंधारात राहिली तरी बिघडत नाही. माळ्यावर सापडलेली जुनी वही किंवा सर्वज्ञ म्हातारा बारा पानांत सगळा इतिहास सांगू लागला, की समजावं, लेखकाचा धीर सुटला.

‘सगळे मनाचे खेळ होते’ हा शेवट तर फारच क्वचित साधतो. हेन्री जेम्सच्या १८९८ मधल्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या भुताच्या गोष्टीबद्दल भुतं खरी की भास, हा वाद अजून चालतो, कारण मजकुरात दोन्ही वाचनं उभी राहतात. तसं नसेल तर मागे जाऊन तीन प्रसंग तपासा. नायिका हजर नसताना दुसऱ्याच कुणाला काही दिसलं असेल, तर एकटीचा भास हे उत्तर लबाडीचं आहे. शिवाय मानसिक आजार म्हणजे गोष्ट मिटवायचं झाकण नव्हे.

प्रश्न : दुकानात उभं राहून दहा मिनिटांत पुस्तक कसं पारखावं?

पहिली आठ-दहा पानं वाचा. भीती यायच्या आधी कुणाला काहीतरी हवंय, असं दिसतं का? मग मधलं असं पान काढा ज्यावर काहीच विपरीत घडत नाही. ते वाचावंसं वाटलं तर पुस्तक घ्यायला हरकत नाही. ‘भीषण’, ‘अमानवी’, ‘गूढ’, ‘अघोरी’ असली विशेषणं एका पानावर तीनाहून जास्त दिसली तर परत ठेवा. मलपृष्ठ मात्र पुस्तक संपल्यावरच वाचा. बऱ्याचदा शंभराव्या पानापर्यंतची गोष्ट तिथे सांगून टाकलेली असते.