कोकण खेपा करणाऱ्या गाडीचं गंजापासून रक्षण

भावा, थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ट्रकचा बुडखा गंजतो. आपल्याकडं बर्फ नाही, पण तू आंबा घाट उतरून रत्नागिरीची मासळी भरणार. क्रेटमधून गळणारं खारं पाणी तेच काम करतं.

कोल्हापुरात आलास की गाडी तशीच उभी करू नकोस, त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धू. नदीत मात्र घालू नकोस. पंचगंगेचे आधीच हाल आहेत. वरून केबिन चकाचक करून उपयोग नाही. मागच्या जोडचाकांच्या मधली फट, चॅसीच्या आतली कड, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यांच्या मधली जागा, ब्रेकचे पाइप, मीठ इथंच साठतं. प्रेशरची धार बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या जोडांवर थेट मारायची नाही. धुणं झालं की ग्रीसिंग कर, आत शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं.

जळकं ऑइल फासायचा सल्ला खूप जण देतील. मला तो अजिबात पटत नाही. रबरी बुश फुगतात, ब्रेकच्या लायनरवर थेंब पडला तर ब्रेकच जातो. त्यापेक्षा तारेच्या ब्रशनं गंज काढ, पूर्ण वाळू दे, झिंक प्रायमर मार आणि मग रंग. ओल्या गंजावर रंग मारलास तर आतून पोखरतंच.

आणि चाकाची डिस्क जिथं हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, टेकते तिथं रंगाचे थर चढवू नकोस. रंग दबतो, नट ढिले पडतात. चाक बसवल्यावर ८०-१०० किलोमीटरनं नट परत आवळ. नटापासून तांबूस ओघळ दिसला, तर नट ढिला झाला असं समज आणि गाडी तिथंच थांबव.