विचारा, सांगतो : दुर्मीळ योगांचं गणित

प्रश्न : भारतीय पुरुष संघ एकदिवसीय सामन्यांत ओळीने 20 वेळा नाणेफेक हरला. हे निव्वळ नशीब कसं असेल? (नाशिक)

उत्तर : 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्यापासून लागलेली ही माळ 6 डिसेंबर 2025 ला विशाखापट्टणमला तुटली. 2 ला 2 ने गुणत 20 व्या घातापर्यंत गेलं की 10,48,576 येतात. म्हणून ‘साडेदहा लाखांत एक’. आकडा बरोबर, पण तो ‘ठरलेल्या एका संघाने ठरलेल्या दिवसापासून 20 वेळा हरावं’ या प्रश्नाचा आहे. संघ आणि दिवस आपण आधी कुठे ठरवला होता? माळ लागली, मग बोट ठेवलं.

म्हणून असं मोजा. 1971 पासून पुरुषांचे एकदिवसीय सामने झाले सुमारे 4,900. प्रत्येकात दोन संघ, म्हणजे माळ सुरू होऊ शकेल अशा 9,800 जागा. माळेची सुरुवात धरायला आधी एक जिंकलेली नाणेफेक लागते, मग 20 हरलेल्या. अशा 21 निकालांची शक्यता 20,97,152 त एक. याला 9,800 ने भागा : साधारण 214 त एक. ओळीने 20 जिंकल्या असत्या तरी हाच प्रश्न आला असता (कदाचित नाशिकहून नव्हे, परदेशातून!), म्हणून 107 त एक. कसोटी आणि टी-ट्वेंटी धरल्या तर हा 107 चा आकडा आणखी खाली येतो. विरळा योग खराच, पण नाण्यावर संशय घ्यायला पुरेसा नाही.

आणि विशाखापट्टणमला ‘आज जिंकणारच’ म्हणणाऱ्यांना श्रेय देऊ नका. त्या दिवशीही शक्यता निम्मीच होती.

प्रश्न : मुलीच्या 30 जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आहे. योगायोगच ना? (सातारा)

उत्तर : नसता तर जास्त नवल. 30 जणांच्या 435 जोड्या होतात; एखादी तरी जुळण्याची शक्यता 70 टक्के. 23 जणांतच ती निम्म्यावर जाते. मात्र ‘माझ्या मुलीच्याच’ वाढदिवसाला जोडीदार मिळण्याची शक्यता जेमतेम साडेसात टक्के, कारण तिच्या वाट्याला 29 च जोड्या येतात.

प्रश्न : फ्लॅट लाल पूररेषेच्या काठावर आहे. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. 20 वर्षांच्या कर्जाला काय फरक पडतो? (सांगली)

उत्तर : पडतो. लाल रेषा म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता; गेल्या वर्षी पूर आला म्हणून पुढची 99 वर्षं सुट्टी नाही. कॅल्क्युलेटरवर 0.99 ला स्वतःशी गुणत 20 वा घात काढा : 0.818. उरलेले 18 टक्के म्हणजे कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे दर वर्षी 4 टक्के. तिच्या काठावर 0.96 घ्या, उत्तर 56 टक्के येईल. इथे नेहमीची चूक म्हणजे 20 गुणिले 4 करून 80 म्हणणं. दोनदा आलेला पूर त्यात दोनदा मोजला जातो.

हे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले असतात. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिले आहेत, तेव्हा 18 टक्क्यांना किमान समजा. रेषेची पातळी मीटरमध्ये विचारून घ्या आणि जोत्याची उंची तिच्याशी ताडून बघा. बिल्डरच्या नकाशावरची रंगीत रेघ पुरेशी नाही.