वॉचमनचे पैसे माझ्या खात्यात ठेवू का?

प्रश्न: आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचा आहे, बायको-मुलं इथेच त्याच्याजवळ, आईवडील गावी. बँकेत गेला तर 'नेपाळवाल्यांचं होत नाही' म्हणून परत पाठवलं. पगारातून उरलेले पैसे तो माझ्याकडे देतो, मी माझ्या खात्यात टाकते आणि वहीत लिहून ठेवते. दसऱ्याआधी गावी पाठवायचे असले की ओळखीचा एक माणूस कमिशन घेऊन 'पोचवतो'. असंच चालू ठेवलं तर चालेल ना?
– एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर: ताई, तुमची वही चोख असणार, पण हे बंद करा. उद्या तुम्हाला काही झालं तर बँकेच्या लेखी तो पैसा तुमचा, आणि तुमच्या वारसांना त्या वहीचं काय माहीत? शिवाय त्याच्या नावावर एकही व्यवहार दिसत नाही, म्हणजे कधी कर्ज मागायला गेला तर बँकेला वाटणार हा कालच पुण्यात उतरलाय.

आता 'होत नाही' हे. होतं, फक्त काउंटरवरच्या माणसाला वेगळे कागद बघायचा कंटाळा असतो. नेपाळी माणसाला इथे राहायला व्हिसा लागत नाही, आणि मागच्या बारा महिन्यांत 182 दिवस तरी इथे राहिला असेल तर आधारही निघतं, 10 वर्षांच्या मुदतीचं. त्यासाठी नेपाळचा पासपोर्ट चालतो, तो नसेल तर नागरिकता प्रमाणपत्र आणि सोबत नेपाळी दूतावासाने दिलेलं फोटो ओळखपत्र. खरी गोची इथेच आहे, कारण दूतावास दिल्लीत, आणि रजा टाकून दिल्लीला जायचं म्हणजे वॉचमनचा पगार कापला जाणार, तेव्हा कमिटीने निदान तेवढी रजा तरी पगारी द्यावी. आधार हातात आलं की 'बेसिक सेव्हिंग' खातं मागा. मिनिमम बॅलन्सची कटकट नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चारदा पैसे काढायला चार्ज नाही. पॅन नसेल तर तसं लिहून द्यायचा फॉर्म भरायचा (आजवर 'फॉर्म 60' म्हणत आले तो). तरीही नाही म्हणाले तर कारण लेखी मागा (हा शब्द काढला की बऱ्याचदा मॅनेजर स्वतःच केबिनमधून बाहेर येतो), आणि बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहेच.

गावी पैसे पाठवायला तर खातंही लागत नाही! 2008 पासून भारत-नेपाळ रेमिटन्स (म्हणजे पैसे पाठवायची) सुविधा आहे, एनईएफटी (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय) असलेल्या शाखेत ओळखपत्र दाखवून रोख भरता येते, एका वेळी 50,000 पर्यंत, वर्षात 12 वेळा, आणि खातं असेल तर एका वेळी 2 लाखांपर्यंत. भारताचा 1 रुपया म्हणजे नेपाळचे 1.60, हा दर 1993 पासून तसाच आहे, म्हणून तुमच्या त्या ओळखीच्या माणसाने आजवर काय दराने पैसे दिले ते गावाकडे विचारून बघायला सांगा.

एक गोष्ट मात्र त्याला बसवून समजावा. खातं उघडलं की कुणीतरी येतं, 'पासबुक-कार्ड चार महिने दे, पाच हजार देतो' म्हणतं. ऑनलाइन फसवणुकीचा पैसा असल्याच खात्यांतून फिरवतात, मग खातं गोठतं, पोलीस दारात येतात आणि पगारही अडकतो.

खात्याच्या फॉर्मवर नॉमिनीचा रकाना बायकोच्या नावाने भरायला लावा, तो हमखास रिकामा राहतो. आणि तुमच्याकडचे साठलेले पैसे रोख देऊ नका, तुमच्या खात्यातून थेट त्याच्या खात्यात टाका.